वृद्ध कुत्र्याच्या घरी नवा सोबती

भारतातील प्राणिकल्याणाच्या इतिहासात चेन्नई शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. त्या वेळी मद्रास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत १९५९ साली 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला व त्यानुसार १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ अस्तित्वात आले. त्या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवी अरुंडेल याही याच नगरीच्या. रस्त्यावरील कुत्र्यांना ठार न करता त्यांची नसबंदी करावी व त्यांना अलर्काची, म्हणजे रेबीजची, लस टोचावी, हा उपक्रम ब्लू क्रॉसने १९६४ साली हाती घेतला.

या पद्धतीत शस्त्रक्रिया झालेला कुत्रा पुन्हा त्याच्या मूळ वस्तीत सोडला जातो. परंतु पोरकी पिले, अपंग झालेले कुत्रे आणि मालकांनी टाकून दिलेले पाळीव कुत्रे यांना रस्त्यावर जगणे कठीण असते. त्यांना घर हवे असते. ज्या कुटुंबात आधीच एक वृद्ध कुत्रा आहे, तेथे असा प्राणी आणताना घाई झाली, तर दोघांचेही नुकसान होते. नवा कुत्रा दुसऱ्यांदा निराधार होतो आणि जुन्याची अखेरची वर्षे धास्तीत जातात. हे टाळण्याचे मार्ग कुत्र्याच्या शरीररचनेत व स्वभावातच सापडतात.

प्रथम आरोग्य

नव्या कुत्र्यापूर्वी घरातील वृद्धाला पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. सांधे दुखणारा, कमी ऐकू येणारा किंवा अंधुक दिसणारा कुत्रा अचानक जवळ आलेल्या प्राण्यावर दात दाखवतो. पुष्कळदा ज्याला आपण चिडखोरपणा म्हणतो, ती वस्तुतः वेदना असते. त्याच्या लसीही वेळेवर झालेल्या असाव्यात.

नव्या कुत्र्याला सुमारे दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणे इष्ट ठरते. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो अवधी जातो, त्याला परिपाककाल म्हणतात. पार्व्होव्हायरसच्या बाबतीत तो बहुधा आठवडाभराच्या आतबाहेर असतो. डिस्टेंपरचा काहीसा अधिक. वरकरणी निरोगी दिसणारा कुत्रा या काळात रोग पसरवू शकतो. पार्व्होचे विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतात व साध्या साबणाने नष्ट होत नाहीत. त्यासाठी ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने फरशी धुवावी लागते. चेन्नईच्या उष्ण व दमट हवेत गोचिडांचा उपद्रव मोठा असतो. तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींतही वाढते व तापाचे गंभीर रोग फैलावते, म्हणून तिचा बंदोबस्त या मुदतीतच करावा. अलर्काचा परिपाककाल मात्र अनेक महिन्यांचाही असू शकतो. त्यापासून दोन आठवड्यांचा विलगवास नव्हे, तर लसच संरक्षण देते.

ओळख नाकाने

मनुष्य चेहऱ्यावरून ओळखतो; कुत्रा प्रामुख्याने वासावरून. त्याच्या नाकातील गंधग्राहक पेशींची संख्या माणसाच्या अनेक पटींनी अधिक असते. म्हणून विलगवासाचा काळ वाया जात नाही. नव्याच्या अंथरुणाचा तुकडा जुन्याजवळ ठेवावा, जुन्याचा नव्याजवळ. प्रत्यक्ष भेटीपूर्वीच अशा रीतीने परिचयास आरंभ होतो. मात्र पशुवैद्याने नव्या कुत्र्यात संसर्ग नसल्याचे सांगितल्यावरच ही देवाणघेवाण करावी.

पहिली भेट घरात नसावी, कारण घर हे जुन्याचे क्षेत्र असते. डांबर तापण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी, एखाद्या शांत गल्लीत दोन माणसांनी दोघांना साखळीने धरून, मध्ये बरेच अंतर ठेवून, एकाच दिशेने चालवावे. साखळी सैल असावी. ताणलेल्या साखळीने कुत्र्याची अस्वस्थता वाढते. अंग सैल ठेवून, वळसा घेत जवळ येणे व एकमेकांना हुंगणे, ही शुभलक्षणे होत. ताठरलेले शरीर व रोखलेली नजर दिसताच अंतर वाढवावे.

गुरगुरणे ही भाषा आहे

कुत्र्यांना आपसांत लढून श्रेष्ठत्व ठरवू द्यावे, असा समज अद्याप प्रचलित आहे. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर केलेल्या व १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ते लांडगे बंदिस्त आवारात कोंडलेले होते. मुक्त अवस्थेतील लांडग्यांचा कळप हा सामान्यतः मातापिता व त्यांची पिले यांचे कुटुंब असतो, हे डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट केले. लढाईने घरात शांतता येत नाही. वृद्धाला इजा मात्र होते.

म्हणून जुना कुत्रा गुरगुरला, तर त्याला शिक्षा करू नये. गुरगुरणे ही 'दूर हो' अशी सूचना असते. शिक्षेमुळे सूचना बंद होते, अस्वस्थता कायम राहते, आणि पुढे तो पूर्वसूचना न देता चावतो. अशा वेळी नव्याला शांतपणे बाजूला नेणे हेच योग्य. भांडणात हात घालू नये. माणसाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

दोघांची भांडी व अंथरुणे वेगळी असावीत. वृद्धाला हवे तेव्हा दूर जाऊन निजता यावे, अशी एक जागा केवळ त्याची असावी. त्याच्या जेवणाची व फिरण्याची वेळ बदलू नये. आरंभीचे काही आठवडे दोघांना एकटे सोडू नये. अवखळ पिलापेक्षा शांत वृत्तीचा प्रौढ कुत्रा बहुधा वृद्धाला अधिक मानवतो.

दोघे एकत्र खेळतीलच, अशी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. दुपारच्या उकाड्यात एकाच खोलीतील गार फरशीवर, चार हातांच्या अंतराने, दोघेही निर्धास्त झोपलेले दिसले, म्हणजे नव्या कुत्र्याला घर मिळाले आणि जुन्याचे घर त्याच्यापासून हिरावले गेले नाही, असे समजण्यास हरकत नाही.