मेंढ्याचा उन्हाळा, व्यापाऱ्याचा हिशेब

आम्ही कापडवाले. लग्नसराईचा माल कोणत्या महिन्यात भरायचा, हे आम्हाला सांगावे लागत नाही. मेंढ्यांच्या तिजारतीतही मौसमाचा असाच हिशेब आहे. धनगर बांधवांच्या कळपात भागीने पैसा गुंतवणारे आमचे बिरादर मेंढ्यांचे दात तपासतात. कळपातल्या नराने उन्हाळा कसा काढला, हे मात्र विचारत नाहीत.

थंड मुलुखांत दिवस लहान होऊ लागले की मेंढ्यांना माज येतो. आपल्या दख्खनी जातीवर दिवसाच्या लांबीपेक्षा ऊन आणि चारा यांचा परिणाम जास्त. पहिल्या पावसानंतर हिरवा चारा मिळाला की जून-जुलैत बऱ्याच मेंढ्या माजावर येतात. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणून कोकरे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात.

गोम इथेच आहे. नराचे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७ आठवडे लागतात आणि पक्व व्हायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे जूनअखेर कामी येणारे बीज एप्रिल-मेच्या उन्हात घडते. वृषण शरीरापेक्षा काही अंश थंड राहावे लागतात. ते तापले की शुक्रजंतू घटतात, सदोष निपजतात. नर जोशात दिसतो, पण मेंढी गाभ जात नाही. नराला ताप येऊन गेला तरी हेच होते.

मेंढी गाभ न गेल्यास सुमारे १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते. एक पाळी हुकली की कोकरू तितके उशिरा येते. त्यात बकरी ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. ईदेला वर्षाचे जनावर हवे, तर १७ महिने आधी मेंढी फळलेली असावी लागते. उशिराचे कोकरू ईदेच्या बाजारात लहान दिसते आणि भाव पडतो.

उपाय खर्चाचे नाहीत. एप्रिलपासून नराला दुपारी सावली आणि थंड पाणी द्यावे, चराई सकाळ-संध्याकाळ ठेवावी. लोकर वेळेवर कातरावी. फळवणीच्या दोन महिने आधी खुराक सुरू करावा. २५ ते ३० मेंढ्यांमागे एक नर ठेवावा. त्याच्या छातीला गेरू लावावा. रंग लागलेल्या बऱ्याच मेंढ्या १७ दिवसांनी पुन्हा रंगल्या तर नर बदलावा आणि पशुवैद्यकाकडून त्याचे वीर्य तपासून घ्यावे.

भागीचा करार करताना ही कलमे लिहून घ्यावीत. सावलीसाठी एक छप्पर उभारणे हे एका हंगामाची कोकरे गमावण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.