चार उपनगरं, एक नकाशा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही मुंबईची चारही उपनगरं भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकाच स्थलनिर्देशक नकाशात मावतात. शीट ४७ ए/१६, प्रमाण १:५०,०००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तपकिरी समोच्च रेषांची दाटी दिसते. दर २० मीटर उंचीला एक रेषा, प्रत्येक पाचवी ठळक. दोन रेषांत दोन मिलिमीटर अंतर असेल, तर शंभर मीटर चालताना वीस मीटर चढायचं, दम लागणारच! विहार, तुळशी तलाव निळे, झाडी हिरवी, वस्ती लाल.

खरी पंचाईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची. बेसॉल्टचा सुमारे ६० मीटरचा हा सुळका इतका उभा, की त्याच्या रेषा एकमेकींवरच चढतील. रस्त्यांचं उलट: वीस मीटर रुंदीचा रस्ता मापात काढला तर जेमतेम ०.४ मिलिमीटर भरतो. म्हणून महत्त्वाचे रस्ते, लोहमार्ग मुद्दाम जाड काढतात. सुवाच्यतेसाठी एवढी लबाडी मला मान्य आहे. मात्र समोच्च रेषा फिक्या, बारीकच हव्यात. त्या गडद झाल्या की गावांची नावं बुडालीच.