कारखान्याचे सांडपाणी : उकळून न जाणारे विष

पाणी उकळले की शुद्ध झाले, असा आपल्याकडे समज आहे. कावीळ, विषमज्वर, जुलाब यांचे जंतू उकळल्याने मरतात, हे खरे. परंतु कारखान्याच्या सांडपाण्यातून विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरलेले क्रोमियम, शिसे आणि क्षार उकळून जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते. शिशाचा घात लहान मुलांच्या मेंदूवर होतो, तर क्रोमियममुळे कातडीवर लवकर बरे न होणारे व्रण पडतात. म्हणून हे पाणी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच शुद्ध झाले पाहिजे.

शुद्धीकरण कसे होते?

प्रथम जाळीने कचरा आणि वरचे तेल काढतात. मग वेगवेगळ्या वेळी येणारे पाणी एका टाकीत एकत्र करून आम्लता चुन्याने मारतात. तुरटीसारखी रसायने टाकली की बारीक कण गोळा होऊन तळाशी बसतात. पुढच्या टाकीत हवा सोडून सूक्ष्म जीव वाढवतात. हे जीव पाण्यातील सेंद्रिय घाण खातात. अचानक तीव्र आम्ल आले तर ते मरतात आणि सगळी यंत्रणा बंद पडते. शेवटी वाळू व कोळशाच्या थरांतून पाणी गाळतात.

नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी साधारणपणे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. घाण कुजवताना जीव पाण्यातील किती प्राणवायू वापरतात, त्याचे हे माप आहे. हा आकडा वाढला की नदीतील मासे गुदमरून मरतात.

लहान कारखान्यांना स्वतःची यंत्रणा परवडत नाही. त्यांच्यासाठी तळोजा, तारापूर, महाड येथे सामुदायिक केंद्रे आहेत. तरीही घाण मुळातच कमी करणे अधिक स्वस्त पडते : धुण्याचे पाणी पुन्हा वापरणे, क्रोमियम परत मिळवणे, गळती थांबवणे.

टाकीत उतरणाऱ्याचा जीव

साचलेला गाळ कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाला वास कळेनासाच होतो. ‘आता वास येत नाही’ म्हणजे धोका टळला असे नाही. एक जण पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे काहीही कामाचा नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ३६ याबाबत स्पष्ट होते. टाकी वायुमुक्त असल्याचे जाणकार व्यक्तीने तपासून लेखी दिले पाहिजे. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा मिळाला पाहिजे, व दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असले पाहिजे. यांपैकी काही नसेल तर उतरू नका. ठेकेदार कंत्राटी कामगाराला घाई करतो, परंतु कायदा त्यालाही तेच संरक्षण देतो.

आपण काय करावे?

१. विहिरीच्या पाण्याला रंग, फेस किंवा वास आला तर ते पिणे थांबवा आणि ग्रामपंचायत किंवा आरोग्य केंद्रामार्फत तपासणी करून घ्या. तपासणीत धातूंचाही समावेश करण्यास सांगा.

२. नाल्यात रंगीत पाणी दिसल्यास तारीख, वेळ व फोटोसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

३. १९७४ च्या जल कायद्यानुसार कारखान्याला मंडळाची संमती लागते. त्या संमतीच्या अटी माहितीच्या अधिकारात मागता येतात.

४. टाकीत कोणी पडल्यास आत उडी घेऊ नका. अग्निशमन दलाला बोलवा.