सरासरी काढावी कशी आणि वाचावी कशी



यंदा पाऊस सरासरीइतका झाला, पंचायतीचे सरासरी उत्पादन घटले, रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी वाढली, अशी वाक्ये आपल्या कानांवर नेहमी पडतात. या एका शब्दावर पीकविम्याचे पैसे मिळणे न मिळणे ठरते आणि डॉक्टर औषध वाढवायचे की नाही तेही ठरवतात. म्हणून तो नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे. हिशेब शाळेतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. विचार करावा लागतो तो आलेल्या उत्तराचा अर्थ लावताना.

काढण्याची रीत

सगळ्या आकड्यांची बेरीज करावी आणि आकडे जितके असतील तितक्याने तिला भागावे. समजा, एका म्हशीने पाच दिवसांत ६, ८, ७, ५ आणि ९ लिटर दूध दिले. बेरीज ३५, भागिले ५, म्हणजे सरासरी ७ लिटर. म्हैस रोज ७ लिटर देते असा याचा अर्थ नव्हे. नेमके ७ लिटर तिने एकाच दिवशी दिले. अर्थ इतकाच की पाचही दिवस सारखे दूध दिले असते, तर ३५ लिटर भरायला रोज ७ लिटर लागले असते. ताळा पाहायचा असेल तर ७ च्या वरचे जादा दूध मोजा : १ आणि २, एकूण ३. खालची तूट मोजा : १ आणि २, एकूण ३. दोन्ही पारडी सारखी झाली की सरासरी बरोबर.

भागायचे कितीने?

चूक बहुधा येथे होते. एखादी गाय ३०० दिवस रोज सरासरी १० लिटर दूध देते आणि पुढचे ६५ दिवस भाकड असते. वर्षाचे दूध ३,००० लिटर. पण चारा आणि पेंड तिला ३६५ दिवस लागते. खर्चाशी ताळमेळ घालायचा असेल तर ३,००० ला ३६५ ने भागावे. सरासरी सुमारे ८.२ लिटर येते, १० नव्हे. भाकड दिवसांचे शून्य हाही आकडाच आहे. तो गाळला की धंदा आहे त्यापेक्षा फायद्याचा दिसतो.

दुसरी गोष्ट. एका तुकड्यात १ एकर मका असून एकरी २० क्विंटल आला. दुसऱ्या तुकड्यात ४ एकर असून एकरी १० क्विंटल आला. पुष्कळ जण २० आणि १० ची सरासरी १५ सांगतील. प्रत्यक्षात मका आला २० अधिक ४०, म्हणजे ६० क्विंटल, आणि जमीन ५ एकर. एकरी सरासरी १२ क्विंटलच. दोन सरासरींची सरासरी काढू नये. मूळ बेरजेकडे जावे.

एक मोठा आकडा काय करतो?

दहा कुटुंबांपैकी नऊ जणांकडे एकेक एकर आणि दहाव्याकडे ४१ एकर जमीन आहे. एकूण ५० एकर, सरासरी ५ एकर. पण ५ एकरवाला त्यांत एकही नाही! अशा वेळी आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडून मधला आकडा पाहावा. तो येथे १ एकर आहे आणि खरी स्थिती तोच सांगतो. पावसाचेही तसेच. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुका सह्याद्रीला लागून आहे, तर अथणी पर्जन्यछायेत. दोघांचा पाऊस मिळवून काढलेली सरासरी खानापूरच्या भाताला उपयोगी नाही आणि अथणीच्या ज्वारीलाही नाही.

पीकविम्यातील सरासरी

पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यात दोन सरासरी असतात. पहिली मागील वर्षांची. २०२० च्या सुधारित नियमांनुसार गेल्या सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी काढून तिला ७०, ८० किंवा ९० टक्के या जोखीमस्तराने गुणतात. येणाऱ्या आकड्याला उंबरठा उत्पादन म्हणतात. दुसरी सरासरी चालू हंगामाची. मुख्य पिकांसाठी ती बहुधा ग्रामपंचायतवार काढतात आणि तिचा मुख्य आधार म्हणजे निवडलेल्या काही शेतांतील पीककापणी प्रयोग.

समजा, पंचायतीचे सात वर्षांचे भाताचे उत्पादन हेक्टरी २८, ३०, १३, २९, ३१, १२ आणि ३२ क्विंटल आहे. सातही धरले तर सरासरी २५. दुष्काळाची दोन वर्षे वगळून उत्तम पाच धरली तर ३०. जोखीमस्तर ८० टक्के असेल तर उंबरठा उत्पादन २४. यंदा चार शेतांत पीककापणी झाली आणि उत्पादन १०, १४, २२ व २६ आले, सरासरी १८. तूट ६, म्हणजे २४ चा चौथा हिस्सा, २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ६०,००० रुपये असेल तर भरपाई १५,००० रुपये. सातही वर्षे धरली असती तर उंबरठा २० वर आला असता, तूट १० टक्के आणि भरपाई ६,००० रुपये. आकडे तेच, पण कोणते बेरजेत घेतले यावरून ९,००० रुपयांचा फरक पडला.

आता यातील कळीचा मुद्दा. ही भरपाई पंचायतीच्या सरासरीवर ठरते, तुमच्या शेतावर नव्हे. ज्याला २६ क्विंटल झाले त्यालाही २५ टक्के आणि ज्याला ५ च झाले त्यालाही २५ टक्केच. पंचायतीची सरासरी २४ किंवा अधिक आली तर ज्याचे पीक पुरते गेले त्यालाही या भागातून काही मिळत नाही. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. सरासरीचा स्वभावच तो. म्हणून जेथे गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची वेगळी तरतूद लागू आहे, तेथे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी. तेव्हा पाहणी तुमच्याच शेताची होते. सरासरी जे झाकते ते सांगण्याची ती वाट आहे.

प्रकृतीची सरासरी

रक्तदाबाचे याच्या उलट आहे. चालून आल्यावर, चहा घेतल्यावर, काळजीत असताना दाब वाढतो. म्हणून एका मोजणीवर भरवसा ठेवत नाहीत. घरी यंत्र असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, दोन-दोन वेळा मोजावे. पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्या सहा दिवसांतील २४ मोजण्यांची सरासरी काढावी. वरच्या आकड्याची वेगळी, खालच्याची वेगळी. ती १३५ किंवा ८५, यांपैकी कोणत्याही मर्यादेला पोचली वा ओलांडून गेली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्र आकडा १८०/१२० च्या घरात गेला आणि छातीत दुखणे, धाप लागणे, हातपाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे असे काही झाले, तर सरासरीची वाट पाहू नये. तडक इस्पितळ गाठावे.

मधुमेहींच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीतही हे ध्यानात ठेवावे. एकाची साखर रोज बेताची असते. दुसऱ्याची कधी फार चढते, कधी घाम फुटून चक्कर येईपर्यंत उतरते. दोघांची सरासरी सारखी येऊ शकते. अशा चढउताराची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी.

तर यापुढे कोणी सरासरी सांगितली की तीन प्रश्न विचारावेत : बेरजेत कोणते आकडे घेतले? भागले कितीने? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा कोणता? आणि घरी एक वही ठेवावी. त्यात दर हंगामाला आपल्या शेताचे वजन करून आलेले उत्पादन लिहावे. पंचायतीची सरासरी सरकार काढील. आपली आपणच काढायची आहे.