पान एक, बाटल्या तीन : सीबीडी तेलांतला फरक

संगमनेरला विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत एका शिक्षकांनी पिशवीतून तीन छोट्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांच्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून पुण्यात राहणाऱ्या भाच्याने त्या आजीसाठी पाठवल्या होत्या. तिन्ही बाटल्यांवर हाताच्या पंजासारखे तेच एक पान छापलेले होते. एकीवर लिहिले होते ‘फुल स्पेक्ट्रम’, दुसरीवर ‘आयसोलेट’ आणि तिसरीवर ‘हेम्प सीड ऑइल’.

“सर, पान तर एकच आहे. मग या तिन्हींत फरक काय? आणि आईला यातलं कोणतं द्यायचं?” त्यांनी विचारले. बोलता बोलता त्यांनी आणखी एक माहिती दिली. आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी रोज चालू आहे.

यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र देऊ शकते. दुसरा प्रश्न डॉक्टरांचा आहे. पण पहिल्याचे उत्तर कळल्याशिवाय दुसरा नीट विचारताही येत नाही. म्हणून आधी पहिल्याकडे वळू.

वनस्पती एक, अवयव निराळे

ते पान भांगेचे. वनस्पतिशास्त्रात या झाडाला ‘कॅनाबिस सटायव्हा’ म्हणतात. नगर जिल्ह्याला हे झाड परके नाही. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. त्या काळी मुंबई इलाख्यात गांजाची लागवड होणाऱ्या प्रमुख जिल्ह्यांत तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा होता.

या झाडाच्या मादी फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथी असतात. भिंगातून पाहिल्यास त्या टाचणीच्या डोक्यासारख्या दिसतात. त्यांत चिकट राळ तयार होते आणि झाडातली कॅनाबिनॉइड वर्गाची संयुगे मुख्यतः या राळेत असतात. अशी शंभराहून अधिक संयुगे आजवर ओळखली गेली आहेत. पानांत त्यांचे प्रमाण फुलोऱ्यापेक्षा बरेच कमी असते. बियांत तर या ग्रंथी नसतातच. बियांच्या टरफलाला बाहेरून राळ चिकटली असेल तेवढाच काय तो अंश.

या संयुगांपैकी दोन महत्त्वाची. नशा आणते ते टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. दुसरे कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी. याने तशी नशा येत नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉजर अ‍ॅडम्स यांनी १९४० मध्ये सीबीडी वेगळे केले. त्याची नेमकी रचना इस्राएलचे राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये उलगडली.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना यात एक सुंदर उदाहरण सापडेल. सीबीडी आणि टीएचसी या दोन्हींचे रेणुसूत्र एकच आहे : C₂₁H₃₀O₂. दोन्ही एकमेकांचे समघटक. टीएचसीमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने एक जादा वलय बंद झालेले असते; सीबीडीमध्ये ते उघडे असते. अणू तेच, संख्या तीच, पण मेंदूवर होणारा परिणाम अगदी निराळा. अकरावी-बारावीचे विद्यार्थी समघटकता पाठ करतात; तिचे मोल त्यांना असे सांगता येईल.

गूळ, साखर आणि कॅफीन काढलेली कॉफी

आता बाटल्यांवरच्या नावांकडे येऊ. संगमनेर परिसरातल्या शाळांच्या सहली भाऊसाहेब थोरात सहकारी साखर कारखान्यावर जातात. मुलांना गुऱ्हाळही माहीत असते. तोच दाखला येथे उपयोगी पडेल.

उसाचा रस आटवून गूळ केला की रसातल्या पाण्याखेरीज बहुतेक सगळे त्यात उतरते : सुक्रोज, ग्लुकोज, खनिजे, रंगद्रव्ये. ‘फुल स्पेक्ट्रम’ अर्क हा असा गुळासारखा. त्यात सीबीडीबरोबर इतर कॅनाबिनॉइड, सुगंधी टर्पिने आणि थोडे टीएचसीही असते.

कारखान्यात रस शुद्ध करून, आटवून सुक्रोजचे स्फटिक मळीपासून अलग करतात. हाती येते ते जवळजवळ एकच संयुग, साखर. ‘आयसोलेट’ म्हणजे अशीच सीबीडीची साखर. ती पांढरी, स्फटिकरूप असते आणि साधारणतः ९८-९९ टक्के शुद्ध असते. तेलात विरघळवली की झाले आयसोलेटचे तेल.

या दोहोंच्या मधला एक प्रकार ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ नावाने विकला जातो. कॅफीन काढून टाकलेली कॉफी आठवा. कॉफीचे बाकी घटक बहुतांशी राहतात, एक नको असलेला तेवढा काढतात. तसेच येथे बाकीचे घटक ठेवून टीएचसी काढण्याचा प्रयत्न केलेला असतो. ‘प्रयत्न’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ते कितपत निघाले, हे तपासणीनेच कळते.

तिसरी बाटली, हेम्प सीड ऑइल, या मालिकेतलीच नाही. शेंगदाणा किंवा करडई घाण्यावर गाळतात तसे ते बियांपासून काढलेले तेल आहे. बियांत सुमारे ३० टक्के तेल असते आणि त्यात लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले भरपूर असतात. खाद्यतेल म्हणून ते चांगले. सीबीडी मात्र त्यात नाममात्र. सीबीडीचे तेल समजून ते घेणाऱ्याचे पैसे वाया जातात.

‘स्पेक्ट्रम’ म्हटले की आपल्याला लोलकातून निघणारा वर्णपट आठवतो. येथे त्याचा प्रकाशाशी संबंध नाही. हे व्यापारी शब्द आहेत. ‘फुल’ म्हणजे नेमके किती घटक, किती प्रमाणात, हे त्या शब्दावरून ठरत नाही.

अर्क कसा काढतात?

कॅनाबिनॉइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. तेलात, तुपात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतात. महाशिवरात्रीची भांग दुधात घोटतात, यामागे हेच रसायन आहे. दुधातली स्निग्धता द्रावकाचे काम करते.

उद्योगात मुख्यतः दोन द्रावक वापरतात. एक इथेनॉल. दुसरा, थोडा आश्चर्याचा, कार्बन डायऑक्साइड. तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पटींच्या वर नेला की हा वायू धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. तो वायूसारखा भुकटीत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. काम झाल्यावर दाब कमी केला की उडून जातो, मागे अवशेष ठेवत नाही. कॉफीतले कॅफीन काढण्याची एक पद्धतही हीच आहे.

या कच्च्या अर्कात मेणही उतरलेले असते. अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवून खूप थंड केला की मेण साकळते आणि गाळता येते. नारळाचे तेल थंडीत थिजते तसेच हे. पुढे कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन, मग क्रोमॅटोग्राफी आणि शेवटी स्फटिकीकरण. या वाटेवर कोणत्या टप्प्यावर थांबले, यावर बाटलीवरचे नाव आणि किंमत ठरते.

यात आणखी एक पायरी असते, ती म्हणजे तापवणे. ताज्या झाडात सीबीडी फारसे नसतेच. असते ते त्याचे आम्ल, सीबीडीए. उष्णतेने त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निघून जातो आणि सीबीडी उरते. रेणुवस्तुमान ३५८ वरून ३१४ वर येते, म्हणजे १०० मिलिग्रॅम आम्लापासून जास्तीत जास्त ८८ मिलिग्रॅम सीबीडी मिळते. दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज घालता येईल. टीएचसीच्या आम्लाचेही असेच होते.

कायदा कशाकडे पाहतो?

आपल्या देशात १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा आहे. त्यात गांजाची व्याख्या झाडाच्या अवयवावरून केली आहे. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. अलग केलेली राळ म्हणजे चरस. तेव्हा अर्क झाडाच्या कोणत्या भागापासून काढला, हा प्रश्न येथे केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही. भारतात विकले जाणारे परवानाधारक अर्क ‘विजया’ या आयुर्वेदीय नावाने, पानांपासून केलेले औषध म्हणून येतात. औषधविषयक नियमांत विजया विषारी द्रव्यांच्या यादीत आहे; ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असते. महाराष्ट्रात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदाही लागू आहे. बिया व बियांचे तेल यांना मात्र २०२१ मध्ये अन्न म्हणून, मर्यादा घालून, मान्यता मिळाली.

परदेशी बाटल्यांवर ‘टीएचसी ०.३ टक्क्यांहून कमी’ असे आढळते. अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्याने हेम्प पिकासाठी ही सीमा ठरवली. आकडा किरकोळ वाटतो. पण ३० मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे २८ ग्रॅम, त्याचे ०.३ टक्के म्हणजे ८४ मिलिग्रॅम. काही मिलिग्रॅम टीएचसीनेही सवय नसलेल्या माणसाला गरगरू शकते. खेळाडूंनी तर हे लक्षात ठेवायलाच हवे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढले आहे, परंतु स्पर्धेच्या काळात टीएचसीवर बंदी आहे. फुल स्पेक्ट्रम तेल घेणारा धावपटू नकळत दोषी ठरू शकतो.

लेबलवरचे गणित

समजा, ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम सीबीडी आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५०. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम.

आता याची औषधाशी तुलना करू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या एका द्रव औषधाला मान्यता दिली. ते लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी, ड्रॅव्हे व लेनॉक्स-गॅस्टॉ या विकारांसाठी आहे. त्याची नेहमीची मात्रा दर किलो वजनाला दिवसाला १० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या बाटलीचे ८० थेंब! ‘दोन थेंब जिभेखाली’ देऊन फिटच्या गोळ्या बंद करणारे पालक केवढी जोखीम पत्करतात, हे या आकड्यांवरून दिसते.

लेबलवरचे आकडेही नेहमी खरे नसतात. २०१७ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या ८४ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. केवळ २६ मध्ये सीबीडी लेबलप्रमाणे निघाले. १८ मध्ये टीएचसी आढळले.

सगळे घटक एकत्र असले की परिणाम वाढतो, म्हणून फुल स्पेक्ट्रमच उत्तम, असा प्रचार केला जातो. कल्पना आकर्षक आहे, पण माणसांवरच्या चाचण्यांतून तिला भक्कम आधार मिळालेला नाही. उलट ज्या उपयोगाचा पुरावा सर्वांत पक्का आहे, त्या अपस्मारावरच्या औषधात शुद्ध सीबीडीच आहे.

आणि सीबीडी नशा आणत नाही म्हणजे ते निरुपद्रवी, असेही नव्हे. यकृतातली जी विकरे अनेक औषधांचे विघटन करतात, त्यांच्या कामात सीबीडी अडथळा आणते. मग ते औषध रक्तात साठत जाते. अपस्मारावरच्या क्लोबाझॅमच्या बाबतीत हे चांगले ठाऊक आहे. वॉरफरिनच्या बाबतीतही रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याची नोंद आहे. संगमनेरच्या त्या आजींना नेमका हाच धोका होता, आणि बाटली आयसोलेटची असो वा फुल स्पेक्ट्रमची, त्यात बदल होत नव्हता.

वर्गात करून पाहा

एका रंगाचा दिसणारा अर्क किती घटकांचा असतो, हे पालकाच्या पानांवर दाखवता येते. चार-पाच पाने खलात घोटून त्यात थोडे स्पिरिट घाला व गाळा. गडद हिरवा अर्क मिळेल. हा आपला ‘फुल स्पेक्ट्रम’. गाळणकागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटरवर त्याचा ठिपका द्या, वाळू द्या, पुन्हा त्याच जागी द्या. पट्टीचे टोक अ‍ॅसिटोनमध्ये, ठिपका बुडणार नाही असे, उभे करा. थोड्या वेळात हिरव्यापासून पिवळा पट्टा वेगळा होऊन वर सरकेल. तो कापून घेतला तर झाले ‘आयसोलेट’. हिरवा कापून टाकून बाकीचे ठेवले तर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’. स्पिरिट व अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही आहेत, म्हणून जवळ दिवा नको आणि खिडक्या उघड्या असू द्या.

प्रयोगानंतर मुलांना कोणत्याही अर्काच्या बाटलीला चार प्रश्न विचारायला सांगावे. झाडाच्या कोणत्या भागापासून? कोणत्या द्रावकाने? काय ठेवले नि काय काढले? एका थेंबात किती मिलिग्रॅम, आणि ते कोणी तपासले? हळदीचा, कडुनिंबाचा किंवा अश्वगंधाचा अर्क असला तरी प्रश्न हेच.

त्या शिक्षकांनी संध्याकाळी तिन्ही बाटल्या आईच्या डॉक्टरांसमोर ठेवल्या. दोन बाटल्या तिथेच बंद झाल्या. तिसरीतले बियांचे तेल, त्यावरचे पान पाहून आईच घ्यायला तयार झाल्या नाहीत. “तेल खायचंच तर घाण्याचं काय वाईट?” असे त्या म्हणाल्याचे शिक्षकांनी फोनवर सांगितले.