चित्रात न दिसणारी दोरी

आमच्या आठवीच्या वर्गात एका जुन्या कॅलेंडरातील वाघाचे चित्र लावलेले आहे. वाघ गवतात उभा आहे आणि सरळ आपल्याकडे पाहत आहे. मिशीचा केस न् केस मोजता येईल, इतक्या जवळून तो फोटो घेतलेला आहे. एकदा एका मुलाने विचारले, "सर, फोटो काढणाऱ्याला वाघ इतक्या जवळ सापडला कसा? वाघही पळाला नाही आणि तोही पळाला नाही!" सारा वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

वाघाजवळ जाणे फार कठीण असते. वाघालाच आपल्याजवळ आणणे त्या मानाने सोपे. त्यासाठीचा जुना उपाय म्हणजे आमिष. उर्दूत आपण मासे धरण्याच्या गळाला लावलेल्या गांडुळालाही 'चारा' म्हणतो. मराठीत चारा म्हणजे गुरांचे गवत किंवा कडबा. प्राण्याला फसवून जवळ आणण्यासाठी जे ठेवतात, त्याला मराठीत आमिष म्हणतात. 'शिकार' हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच आहे. शिकारीची एक जुनी रीत अशी होती : संध्याकाळी जंगलातील वाटेवर एक रेडकू किंवा बोकड खुंटीला बांधत. जवळच्या झाडावर मचाण बांधून शिकारी बंदूक घेऊन बसे. एकटे पडलेले जनावर घाबरून ओरडू लागे. त्या ओरडण्याने वाघ येई.

पुढे काळ बदलला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पण काही ठिकाणी खुंटी आणि दोरी तशीच राहिली. गुजरातमधील गीरच्या जंगलात पाहुण्यांना सिंह दाखवण्यासाठी रेडकू बांधून ठेवत. सिंह येत, लोक जवळून पाहत, फोटो काढत आणि खूश होऊन घरी जात. बांधलेल्या रेडकाचा फोटो किती जणांनी घरी लावला असेल, हे सांगायला नकोच.

इथे तुम्ही म्हणाल, "वाघ-सिंह तर रोजच प्राणी मारून खातात. मग एक रेडकू बांधले तर काय बिघडले?" हा मुद्दा खोटा नाही. वाघ गवत खात नाही. पण जंगलातील चितळाला चार पाय मोकळे असतात. त्याचे कान तीक्ष्ण असतात. वाघ दिसताच झाडावरचे वानर खेकसते आणि सारा कळप सावध होतो. वाघाच्या झडपा पुष्कळ वेळा फुकट जातात. बांधलेल्या रेडकाला मात्र वाघ येताना दिसतो, पण त्याला हलता येत नाही. पळायला निघाले की दोरी त्याला मागे ओढते. जंगलाच्या नियमात ही दोरी कुठेच नाही. ती माणसाने आणलेली आहे, आणि तीही भुकेसाठी नव्हे, तर हौसेसाठी.

आपल्या कायद्यानेही नेमका हाच फरक ओळखला आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. १९८२ साली त्यात सुधारणा झाली. केवळ करमणुकीसाठी एखादे जनावर अडकवून ठेवून ते दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य होईल असे करणे, हा त्यात गुन्हा मानला आहे. वाघांच्या किंवा इतर अभयारण्यात आमिष म्हणून जनावर बांधणे, असा स्पष्ट उल्लेखच तिथे केलेला आहे. गीरमधील हे खेळही १९८०च्या दशकात बंद झाले.

पण सवय अशी लगेच जात नाही. १९८७-८८च्या दुष्काळानंतर गीरच्या आसपास सिंहांचे माणसांवरील हल्ले वाढले. अभ्यासकांनी त्याची कारणे शोधली, तेव्हा दुष्काळाबरोबरच या आमिषाच्या सवयीकडेही त्यांनी बोट दाखवले. माणसाजवळ गेले की खायला मिळते, असे ज्या प्राण्याला आपणच शिकवले, तो माणसाला का भिणार? फोटो काढणारा दुसऱ्या दिवशी शहरात परत जातो. जवळच्या गावातील गुराख्याला मात्र तिथेच राहायचे असते.

ही गोष्ट फक्त वाघ-सिंहांचीच नाही. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फाळ प्रदेशातून पांढरी शुभ्र घुबडे खाली दक्षिणेकडे येतात. काही छायाचित्रकार दुकानातून पाळीव उंदीर विकत आणतात आणि ते बर्फावर सोडतात. पंजे पुढे काढून घुबड थेट कॅमेऱ्याकडे झेपावते. चित्र खरोखर सुंदर येते. पण रस्त्याच्या कडेला उंदीर मिळतो, हे शिकलेले घुबड मोटारींखाली सापडण्याचा धोका वाढतो. आपल्याकडेही खंड्या पक्ष्याचा सूर टिपण्यासाठी पाण्याच्या टाकीत जिवंत मासे सोडणारे हौशी लोक आहेत. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या प्रसिद्ध छायाचित्र स्पर्धेत जिवंत आमिष लावून काढलेली चित्रे चालत नाहीत.

मग जंगली प्राण्यांचे फोटो काढायचेच नाहीत का? तसे नाही. फ्रेडरिक चॅम्पियन नावाचे एक इंग्रज वन अधिकारी आजच्या उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या जंगलांत काम करत असत. त्यांना बंदुकीपेक्षा कॅमेरा प्रिय होता. वाघ कोणत्या वाटेने जातो, हे ते पाऊलखुणांवरून ओळखत. त्या वाटेवर ते एक बारीक तार लावत आणि ती कॅमेऱ्याला जोडत. रात्री वाघ आपल्या कामाला निघाला की तारेला त्याचा पाय लागे, लख्ख उजेड पडे आणि वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढी! १९२५ साली त्यांची अशी चित्रे लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आली, तेव्हा लोक थक्क झाले. त्यासाठी चॅम्पियन यांना कित्येक रात्री रिकाम्या हाताने घालवाव्या लागल्या होत्या. ती किंमत त्यांनी स्वतः मोजली. म्हणून मला ही चित्रे मोठी वाटतात.

आज ताडोबा, मेळघाट आणि पेंचमधील वाघ मोजण्यासाठी जे कॅमेरे झाडांना बांधतात, ते याच युक्तीचे नातवंड आहे. दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात, म्हणून फोटोवरून वाघ ओळखता येतो. २०१८च्या देशभराच्या गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांत सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यांतील ७६,६५१ फोटो वाघांचे होते.

आता एक अडचणीची बाबही सांगितली पाहिजे. १९७०च्या दशकात नेपाळमधील चितवनच्या जंगलात शास्त्रज्ञांनी वाघांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले. वाघ जवळ यावा म्हणून त्यांनीही रेडकू बांधले होते. त्या अभ्यासातून वाघाला किती मोठे जंगल लागते, हे कळले. हे योग्य होते का? वर्गात यावर दोन तट पडले. मला स्वतःला ते नाइलाजाचे वाटते, पण रेडकाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलींना मी गप्प करू शकलो नाही. "आम्ही गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवतो, तेही आमिषच का?" असे एकीने विचारले. मी म्हणालो, "त्या भांड्याला कोणी बांधलेले नसते."

तास संपला. तो पहिला मुलगा उठून भिंतीजवळ गेला. वाघाच्या पायांजवळचे गवत तो बराच वेळ निरखून पाहत होता.