घरच्या संगणकातील कागदपत्रांची राखण

हिंजवडी, माण परिसरात राजीव गांधी इन्फोटेक पार्कसाठी औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादन केल्या. तेथील अनेक घरांत निवाडे, मोबदल्याचे कागद, खरेदीखते यांचे गठ्ठे साठले आणि पुढे मुलांनी ते स्कॅन करून संगणकात ठेवले. हे योग्यच झाले, कारण कागदाला वाळवी लागते.

तेथील माझ्या एका नातलगाचा संगणक मध्यंतरी सुरू होईना. दुरुस्ती करणाऱ्याने आतील हार्ड डिस्क काढून स्वतःच्या संगणकास जोडली. पासवर्ड न विचारताच सर्व फोल्डर उघडले. त्यात आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि 'पासवर्ड' याच नावाची एक फाईलही होती! गृहस्थ सज्जन, म्हणून निभावले.

असे का घडते?

संगणक सुरू करताना आपण देतो तो पासवर्ड केवळ दारावरचा राखणदार असतो. डिस्कवरील मजकूर साध्या रूपातच राहतो. अलीकडच्या काही संगणकांत विंडोज डिस्क आपोआप कुलूपबंद करते, परंतु जुन्या संगणकांत ही सोय बहुधा चालू नसते.

काय जपावे?

सर्वच कागद लपविण्याची गरज नाही. ७/१२ व ८-अ उतारे महाभूलेख संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. आधार, पॅन, सहीचा नमुना, बँकेचे पुस्तक व पासवर्ड मात्र जपावेत. आधारची प्रत द्यावी लागल्यास शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत चालते का, हे प्रथम विचारावे.

कुलूपबंद पेटी

व्हेराक्रिप्ट ही मोफत प्रणाली डिस्कवर एक पेटी तयार करते. ५०० एमबीची पेटी घरगुती कागदपत्रांस सहसा पुरते. पासवर्ड दिल्यावर ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते व बंद केल्यावर आतील मजकूर कोणास वाचता येत नाही. पेटी आधी करावी आणि स्कॅन थेट तिच्यातच साठवावे. बाहेर ठेवून नंतर पुसलेली फाईल पुष्कळदा परत मिळवता येते. पासवर्डच्या यादीसाठी कीपास ही प्रणाली वापरावी.

पासवर्डमध्ये गावाचे नाव, जन्मसाल किंवा गट नंबर नसावा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहावेत. ते लक्षात राहतात आणि ओळखणे अवघड जाते. आमच्या कृषिविद्या विभागात पिकांच्या वाणांची नावे हमखास आढळतात. ती टाळावीत.

दुसरी प्रत

मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय विषाणूने जगभरच्या संगणकांतील फायली अडवून खंडणी मागितली. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते त्यात सापडले. म्हणून विंडोज वेळोवेळी अद्ययावत करावे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे ध्यानात ठेवावे. असा विषाणू आपली पेटीही निकामी करू शकतो. तेव्हा पेटीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि काम होताच तो काढून ठेवावा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.

खात्यातून पैसे गेल्यास वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

पेटीचा पासवर्ड विसरल्यास मात्र ती कोणालाही उघडता येत नाही, व्हेराक्रिप्ट तयार करणाऱ्यांनासुद्धा नाही. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून मूळ खरेदीखतासोबत कपाटात ठेवावा आणि ही जागा घरातील एका विश्वासू माणसास दाखवून ठेवावी.